पाच किलो कापूस

"मॅडम, दोनदा आणली तिला. दोन्ही वेळा स्वतःच्या पायांनी परत गेली. आता तिसऱ्यांदा मी कशाला जाऊ? तुम्हीच सांगा."

फेब्रुवारी 2023 मधली दुपार. समोरचा माणूस पस्तिशीचा, सुरतेला उधन्यात साड्यांच्या कारखान्यात कामाला. दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. आवाजात राग होता, पण हातातल्या रुमालाची घडी घालणं आणि मोडणं एकसारखं चाललं होतं.

धुळ्यातल्या समुपदेशन केंद्रात मी सोळा वर्षं बसते. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी बाप विचारतो, कधी मावशी, कधी शाळेतली मैत्रीण. 'मार खाते, रडत फोन करते, आपण धावत जातो, आणि पंधरा दिवसांनी ती त्याच्याच गाडीवर मागे बसलेली दिसते. मग आपण काय करायचं?' एका आईने तर विचारलं होतं, "तिले मारच गोड लागस का?" आणि विचारून स्वतःच पदर तोंडाला लावला होता.

हा भाऊ बोलत होता तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त गप्प राहिले. त्याने बहिणीच्या सासरच्या गावाचं नाव घेतलं, भाच्याचा दमा सांगितला, आणि माझ्या लक्षात आलं की हा ज्या खुर्चीवर बसलाय त्याच खुर्चीवर त्याची बहीण महिन्यापूर्वी बसून गेली आहे. त्याला ते माहीत नव्हतं. तिला विचारल्याशिवाय सांगायचा मला अधिकार नव्हता.

तिला आपण सुरेखा म्हणू. नाव, मुलांची वयं, काही ठिकाणं बदलली आहेत, आणि आणखी दोघींच्या हकिकतींतले धागे तिच्यात मिसळले आहेत. तिघींनी लिहायला हो म्हटलं आहे.

सासर अमळनेरकडे, माहेर शिंदखेड्याच्या बाजूला. लग्न एकोणिसाव्या वर्षी. नवऱ्याची तीन एकर कोरडवाहू, एक मालवाहू टेम्पो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. 2021 च्या पावसाळ्यात गावातल्या आशाताईने तिला माझ्याकडे धाडलं. मुलाच्या दम्याच्या औषधासाठी तिला महिन्यातून एकदा धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात यावं लागे. औषध घ्यायचं, केसपेपर पिशवीत घालायचा आणि एसटी लागायच्या आत वीस मिनिटं माझ्याकडे बसायचं. तिची मोकळीक एवढीच.

पहिल्या भेटीत मी 'तू सोडत का नाहीस?' असं विचारत नाही. सुरुवातीच्या वर्षांत विचारायचे. बाई त्या प्रश्नाने आरोपी होते आणि पुढच्या महिन्यात येत नाही. सुरेखाला मी विचारलं, "तो घरी येतो तेव्हा तू काय करतेस?"

तिने जे सांगितलं ते मी वहीत शब्दशः लिहून ठेवलं आहे. गावाच्या विहिरीपाशी चढ आहे. तिथे टेम्पोचा गिअर पडला, दुसरा लागला, तर बरं. तिसऱ्यातच रेटत आणला, इंजिन रडायला लागलं, तर आज काही खरं नाही. तिथून घरापर्यंत दीड मिनिट. तेवढ्यात विळा चुलीमागे सरकवायचा, पोरांना भिंतीकडच्या बाजूला झोपवायचं, तवा तापत ठेवायचा, म्हणजे जेवणावरून सुरुवात होत नाही. ऐकताना वाटलं, घरातल्या सुरक्षेचा आराखडा आम्ही प्रशिक्षणात दोन दिवस शिकतो. ही बारा वर्षं रोज संध्याकाळी तो आखत होती. आणि अशा बाईबद्दल माणसं म्हणतात, तिला कळत नाही.

दारूबद्दल एकच सांगते, कारण विचारणारे हमखास तिथे पोचतात. तो पिऊन सरपंचाला मारत नव्हता, जिनिंगच्या शेठला मारत नव्हता. घरी येऊन मारत होता, आणि तेही ब्लाउजच्या बाहीखाली झाकलं जाईल असं. दारूने हात सैल होतो, पण कोणावर आणि कुठे उचलायचा हे तो शुद्धीत ठरवतो.

आता ते 'स्वतःच्या पायांनी परत गेली'. दोन्ही वेळचं मी तिच्याकडून ऐकलं होतं.

पहिली वेळ 2014 ची आखाजी. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी खातात, चार दिवस त्यांना कोणी हाक मारत नाही. ती आली आणि म्हणाली, मी जात नाही. आठव्या दिवशी नवरा दोन माणसं घेऊन आला. ओट्यावर बसून रडला. आप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, पायांवर डोकं ठेवलं. आप्पा विरघळले, शिवाय धाकटीचं लग्न व्हायचं होतं. थोरली माहेरी बसली असताना धाकटीला कोण विचारणार? सुरेखा गेली. पुढचे पाच-सहा महिने खरंच बरे गेले. त्याने तिला साडी आणली, मुलीला खांद्यावर घेऊन गावात फिरवलं. पश्चात्तापाचे हे दिवस पूर्ण खोटे नसतात, पंचाईत तिथेच आहे. बाई मारणाऱ्याकडे परत जात नाही, त्या पाच महिन्यांतल्या माणसाकडे परत जाते.

दुसरी वेळ 2019 चा श्रावण. महिनाभर ती माहेरी होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खान्देशाची देवी, बसणार, आणि रोटांच्या नैवेद्याला घरची सून हवी म्हणून सासू स्वतः न्यायला आली. देवीचं कारण काढलं की नाही म्हणणारी बाई घराची उरत नाही, देवाचीही उरत नाही. पण सुरेखाच्या मनात सासूपेक्षा वेगळंच एक वाक्य बसलं होतं. वहिनी रोज सकाळी विचारायची, "ताई, आज किती भाकरी टाकू?" बोलण्यात कसलीही खोच नव्हती. वहिनी चांगली बाई आहे. "पण ताई," सुरेखा मला म्हणाली, "घरातल्या माणसाला कोणी किती भाकरी असं रोज विचारतं का?"

तेव्हाचा तिचा एक उद्गार अहिराणीतच देते. "तठे जीव घाबरस, आठे मन लागत नही." तिथे जीव घाबरतो, इथे मन लागत नाही.

माझी चूकही इथे सांगायला हवी. 2022 च्या सुरुवातीला मी तिच्या नवऱ्याला बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं. तिने आधी नको म्हटलं होतं, मग मी 'एकदा बोलून बघू' म्हणाल्यावर मान हलवली. ती मान हलवणं म्हणजे होकार नव्हता, हे मला कळायला हवं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, मला ताई-ताई करत राहिला, शंभराच्या मुद्रांकावर 'मारहाण करणार नाही' असं लिहून देतो म्हणाला. मी खूष. त्या रात्री तिने माझ्यासमोर काय-काय सांगितलं याचा हिशोब त्याने तिच्याकडून वाक्यागणिक वसूल केला. पुढे सात महिने ती आली नाही. मुलाचं औषध त्याने स्वतः नेलं. मारहाण चालू असलेल्या जोडप्याला एकत्र बसवणं म्हणजे समुपदेशन नव्हे, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि कळलेलं यात सात महिन्यांचं अंतर पडलं, ते अंतर तिने भरलं.

ऑक्टोबर 2022 मध्ये ती पुन्हा आली. कापूस फुटला होता, टेम्पोला रोजची भाडी होती, नवऱ्याला दवाखान्यात यायला वेळ नव्हता. या वेळी ती थोडी वेगळी होती. एसटीची वेळ बघत नव्हती. म्हणाली, ताई, मी एक चोरी करते.

वेचणीला ती दुसऱ्यांच्या शेतात जायची. किलोमागे दहा रुपये. दिवसाला चाळीस किलो वेचायची आणि घरी पस्तीस सांगायची. पाच किलोंचे पन्नास रुपये शेजारच्या नानींकडे, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाच्या डब्यात. नानी विधवा, एकटी, गावात तिच्या तोंडाला कोणी लागत नाही अशी. तिने कारण विचारलं नाही. फक्त डबा फळीवर एक घर वर सरकवला.

मी तिला विचारलं, पैसे कशासाठी? ती म्हणाली, माहीत नाही. आणि मला वाटतं ते खरं होतं. विचारणारे नातेवाईक ज्याला 'निर्णय' म्हणतात तो तिच्या डोक्यात तोवर नव्हताच. पण हात कामाला लागले होते. बायका घर सोडतात तेव्हा डोकं बहुतेक वेळा सर्वात शेवटी कळवतं.

मग आम्ही पैशांच्या सोबतीला कागद घातले. मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नपत्रिका, लग्नातले दोन फोटो, दवाखान्याचे कागद. एका फेरीत एकच. 'शाळेत शिष्यवृत्तीला लागतात' म्हणून एक, 'बँकेत केवायसीला' म्हणून दुसरा. मूळ कागद जिथल्या तिथे, झेरॉक्स नानीच्या डब्यात. नवऱ्याच्या जमिनीचा सातबारा तर ऑनलाइन कोणालाही बघता येतो. तो आम्ही माझ्या टेबलावर काढला. पोटगी मागताना 'माझ्याकडे काहीच नाही' म्हणणाऱ्या माणसापुढे हा एक कागद बराच बोलतो. तिचा फोन तो तपासत असे, म्हणून माझा नंबर तिच्या फोनमध्ये नव्हताच. आशाताईच्या फोनमध्ये मी 'दमा मॅडम' होते.

जानेवारीच्या फेरीत ती मुलाच्या औषधाबद्दल, ढगाळ हवेबद्दल, भावाबद्दल बोलली आणि उठताना सहज म्हणाली, "परवा गळा धरला होता. सोडला मग."

मी तिला परत बसवलं. मारहाणीच्या सगळ्या प्रकारांत मला सर्वात जास्त भीती याची वाटते. एकदा गळा आवळणारा माणूस पुढे जीव घेण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. वरून वळही उठत नाही बऱ्याचदा. पण आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके, त्या वेळी लघवी होऊन जाणं, या खुणा आहेत; मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. तिचा आवाज बसलेला होता आणि मी तो सर्दीचा समजत होते. त्याच दिवशी दवाखान्यात परत नेलं, डॉक्टरांना 'गळा दाबला' हेच शब्द लिहायला लावले. ती गयावया करत होती की पोलिसांत नको. आधी एकदा गेली होती. ठाण्यात 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून अदखलपात्र नोंद झाली आणि अंमलदाराने तिच्यासमोर नवऱ्याला फोन लावला. मी जबरदस्ती केली नाही. कागद मात्र डब्यात गेला.

ती आखाजीचं बोलली ते त्याच दिवशी. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला संपतं. गडी हिशोब करून दुसरा मालक बघायला मोकळा होतो. ती म्हणाली, "सालदाराचं साल तरी आखाजीला संपतं, ताई." पुढे काही बोलली नाही.

आणि फेब्रुवारीत तिचा भाऊ माझ्यासमोर येऊन बसला.

मी त्याला विचारलं, "भाऊ, तिला तुम्ही शेवटचं काय म्हणालात?"

रुमालाची घडी थांबली. "म्हणालो, आता गेलीस तर मला पुन्हा फोन करायचा नाही."

"मग?"

"नाही केला तिने. साडेतीन वर्षं."

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. 2019-21 च्या फेरीत दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त 14 टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली. आणि ज्यांनी मागितली, त्यांनी सर्वात जास्त वेळा स्वतःच्या माहेरच्यांकडे मागितली. पोलीस, वकील, आमच्यासारखी केंद्रं फार मागे. मी हे त्याला सांगितलं. म्हणजे तुम्ही तिच्यासाठी पहिला दरवाजा आहात, आणि तुम्ही रागात तोच लावून घेतलात. तो वाईट माणूस नव्हता. 'या वेळी परत गेलीस तर दार बंद' असं प्रेमानेच म्हटलं जातं, धाक बसावा म्हणून. धाक नवऱ्याला बसत नाही. त्याला उलट खात्री पटते की आता हिला जायला जागा नाही.

तो म्हणाला, सुरतेहून चार पोरं घेऊन येतो, एकदाच सरळ करतो. हे जवळजवळ प्रत्येक भाऊ म्हणतो. मी नेहमीचं उत्तर दिलं: पोरं रात्रीच्या गाडीने परत जातील, ती तिथेच राहील. वर गुन्हा तुमच्यावर.

मग मी त्याला काम दिलं, आणि ते त्याला पटायला अर्धा तास लागला. दर रविवारी फोन करायचा. मारहाणीचा विषय काढायचा नाही. फोन स्पीकरवर असेल असं धरूनच बोलायचं. पाऊसपाणी, भाचीची परीक्षा, सुरतेतली गरमी. 'परत का गेलीस' विचारायचं नाही, 'सोडशील ना' असं वचन घ्यायचं नाही. वचन मोडावं लागलं की बाई लाजेने फोनच उचलत नाही. "एवढ्यानं काय होणार?" तो म्हणाला. मी म्हटलं, तिला कळेल की दार आहे. घरी गेल्यावर वहिनींशीही बोला, आणि भाकरी मोजू नका असं सांगा. तो चमकून बघायला लागला. मी विषय बदलला. जायच्या आधी 'तुम्ही आला होता हे कधी तिला कळलं तर चालेल ना?' एवढं विचारून घेतलं.

मार्चमध्ये सुरेखा आली तेव्हा तिच्याकडे दोन बातम्या होत्या. एक, 17 मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणजे डब्यातले पैसे दुप्पट पुरणार होते. हे तिने सणाची बातमी सांगावी तसं सांगितलं. दोन, भावाचा फोन येतोय. मी म्हटलं, तो इथे आला होता, त्याला तुझ्याबद्दल मी काही बोलले नाही, सांगू का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काय म्हणत होता?"

"तिसऱ्यांदा कशाला जाऊ, असं म्हणत होता."

ती हसली. "खरं शे त्यानं." आणि मग म्हणाली, सांगा.

त्या आखाजीला भाऊ मुऱ्हाळी म्हणून गेला. लेकीला सणाला न्यायला येणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, गाव नावं ठेवतं. त्याने आंब्याची पेटी नेली. दाजीच्या मांडीला मांडी लावून जेवला, पत्त्यांचे दोन डावही खेळला, कारण आखाजीच्या दिवसांत गावोगाव पुरुष पत्ते कुटत बसलेले असतात आणि न खेळणारा पाहुणा डोळ्यांत भरतो. नंतर तो मला म्हणाला, मॅडम, आयुष्यात एवढं जड जेवण जेवलो नाही. नवऱ्याने 'चार दिवसांत पाठवा' म्हणून सांगितलं. एक पिशवी, दोन पोरं, मुलाचा पंप. नानीने निरोपाला कळण्याच्या पिठाचा डबा दिला. तो भर चौकातून तिच्या डोक्यावरून गेला आणि कोणी बघितलंही नाही.

पुढे कधीतरी मी तिला विचारलं, तीच आखाजी का? माझ्या मनात उत्तरं तयार होती. गळ्याची रात्र असेल. किंवा मुलगी, कारण मार्चमध्ये एकदा विहिरीपाशी टेम्पो चढत असताना मुलगीच आधी उठली होती आणि म्हणाली होती, "मम्मी, तिसऱ्यात आहे," आणि भावाला भिंतीकडे सरकवलं होतं. तो आवाज आपल्या एकटीलाच कळतो असं सुरेखाला तोवर वाटत होतं. हे तिने मला रडत सांगितलं होतं, म्हणून मी धरून चालले की कारण तेच.

ती म्हणाली, "नानी सुरतले पोऱ्याकडे जाई ऱ्हायनी व्हती ना ताई. डबा कोठे ठेवू?"

मी हे उत्तर नव्याने येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला सांगते. आपण मोठा क्षण शोधत असतो. गळ्याची रात्र, पोरीचं वाक्य, हे सगळं होतंच, पण ते ओल धरून बसलेलं होतं. पाऊल उचललं ते डबा ठेवायला जागा उरली नाही म्हणून.

निघाल्यानंतरचे दिवस सोपे असतात असं समजणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. बाई हातची गेली हे पुरुषाला कळतं तो काळ सर्वात धोक्याचा. चार दिवसांनी तो न्यायला आला. भावाला मी एकच वाक्य पाठ करून दिलं होतं, त्याच्या पुढेमागे काही बोलायचं नाही: "दाजी, ती आत्ता येणार नाही, बोलायचं असेल तर केंद्रात बोलू." आप्पा पुन्हा विरघळायला लागले होते. या वेळी माय ओट्यावर आली आणि आप्पांना आत घेऊन गेली. तो आधी रडला, मग ओरडला, मग बाजाराच्या दिवशी येऊन 'दोघांना संपवतो' म्हणून गेला. त्या वेळी 112 ला फोन झाला, पोलीस आले, आणि या ठाण्यातल्या अंमलदाराने ऐकून घेतलं, दखलपात्र गुन्हा नोंदवला. ठाण्या-ठाण्यात माणूस वेगळा असतो. पहिल्या दारावर नकार मिळाला म्हणून दुसरं दार ठोठवायचं सोडू नये.

त्याच आठवड्यात एका रात्री तिने मला फोन केला. गोठ्यात फवारणीच्या औषधाचा डबा होता. मी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने ते डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. ती हो म्हणाली. भावाने रात्रीच औषध शेजाऱ्याच्या शेतातल्या खोलीत नेऊन कुलूप लावलं, वहिनी तिच्याजवळ झोपली. कापसाच्या मुलखात हा डबा घरोघर असतो. माहेरी आलेल्या लेकीसाठी खोली रिकामी करणारे खूप बघितले, तो डबा हलवणारे कमी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो, तो वहिनीकडे लिहून ठेवला.

कायद्याचं मी इथे लांबवत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा, जो ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, त्यात बाई जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, सासरच्या तालुक्यात खेटे घालावे लागत नाहीत. संरक्षण अधिकाऱ्यांनी घटना अहवाल भरला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळाला. बाईला हा वकील उत्पन्न न बघता फुकट मिळतो, नंबर 15100. कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करायचा प्रयत्न व्हावा. आमची पहिली सुनावणीच तीन महिन्यांनी झाली. नोव्हेंबरात अंतरिम आदेश आला: त्याने तिच्याजवळ फिरकायचं नाही, आणि महिन्याला पाच हजार. फिरकणं थांबलं. पाच हजार सात महिन्यांतून तीनदा येतात. मुलांच्या शाळेची तिला फार धास्ती होती, दाखला तो देऊ देणार नाही म्हणून. पण दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे मुख्याध्यापकांना माहीत होतं, आणि पोरं जूनमध्ये वर्गात बसली.

सगळ्यांनी घर सोडायलाच हवं असंही नाही. त्याच कायद्याने राहत्या घराचा हक्क बाईला आहे, न्यायालय नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं, आणि माझ्याकडच्या दोघी तशा स्वतःच्या घरातच राहिल्या आहेत. सातपुड्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायकांचा प्रश्न आणखी वेगळा, तिथे आधी देज, म्हणजे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना दिलेली रक्कम, परत करण्याची बोलणी होतात. आणि काही जणी जात नाहीत. त्यातली एक दर दोन-तीन महिन्यांनी येते, चहा पिते, बोलते, परत जाते. बाहेरच्या माणसाला वाटेल काहीच घडत नाहीये. मी तिच्यासाठी टेबलाच्या खणात एक पाकीट ठेवलं आहे, त्यात आतापर्यंत तीन झेरॉक्स आहेत.

मागच्या हिवाळ्यात सुरेखा तारखेसाठी धुळ्याला आली होती. घटस्फोटाचं चालू आहे, संपेल तेव्हा संपेल. माहेरच्या गावात पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली आहे, शाळेत पोषण आहार शिजवायला मदतनीस म्हणून लागली आहे, आणि हंगामात दुपारनंतर अजूनही वेचणीला जाते. सुटीच्या दिवशी पूर्ण दिवस. मी विचारलं, आता किती वेचतेस?

"चाळीस."

"आणि घरी सांगतेस किती?"

ती पदर तोंडाला लावून हसली. "मायले पस्तीसच सांगस."